चार दुष्काळ मागे

एसटी फाट्यावर थांबते. तुम्ही पायरीवरून उडी मारता आणि पाय घोट्यापर्यंत धुरळ्यात जातो. साल १९७३, मे महिना. तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि आईबरोबर माणदेशात, तिच्या माहेरी आला आहात. गाव अजून दोन मैल आत आहे. झाडांना पान नाही, विहिरींवरच्या मोटा बंद आहेत, आणि तरीही समोरच्या माळावर जत्रेला जमावीत एवढी माणसं का आहेत, ते तुम्हाला कळत नाही.

जवळ गेल्यावर कळतं. पाझर तलावाचं काम चाललं आहे. बाया घमेली घेऊन ओळीनं बांधावर चढतात, माती ओततात, पलीकडून उतरतात. बाजूला खडी फोडणाऱ्यांची रांग आहे. एक बाई चिंध्यांच्या चुंबळीत दगड धरून हातोडी मारते आहे. तिच्या दोन बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले आहेत. आई थबकते. ती तिची चुलती आहे, घरची भरपूर जमीन असलेली चुलती. चुलती पदरानं तोंड पुसते आणि म्हणते, "बघती काय अशी? समदा गाव हितंच हाय. लाजायचं कुणाला?"

या महिन्यात राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर आहेत. तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना नुकतीच राज्यभर पोचली आहे. तिचा कायदा व्हायला अजून चार वर्षं आहेत. तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही. तुमचं लक्ष एका पोराच्या हातातल्या सुकडीकडे आहे. कामावर वाटलेली, पिवळसर, गोड. तो तुम्हाला चिमूटभर देतो. ती तुम्ही घरी पोचेपर्यंत जिभेवर धरून ठेवता.

घर माळवदाचं. आत शिरताना मोठ्यांना वाकावं लागतं. आत काळोख आहे आणि गारवा. सोप्यात, जात्याशेजारी, घोंगडीवर थोरली आई बसली आहे. तुमच्या आजोबांची आई. तुम्ही आयुष्यात जेवढी म्हातारी माणसं बघणार आहात त्यांतली ही सगळ्यात मागची. तिचं वय कुणाला सांगता येत नाही. विचारलं तर म्हणते, "पिलेग आला तवा मी दुडूदुडू पळत हुते." प्लेग मुंबईत दिसला १८९६ च्या सप्टेंबरात, आणि पुण्या-साताऱ्याकडे पसरला त्यानंतर. तेव्हा आज ती ऐंशीच्या आत-बाहेर असावी.

"कुणाचं गं हे?"

"माझं, थोरले आई."

"ये लेकरा, हिकडं ये. दिसत न्हाई मला."

तिचे तळवे तुमच्या तोंडावरून फिरतात. बोटं खरखरीत आहेत, त्यांना मिसरीचा आणि चुलीचा वास आहे. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे; ते कधीकाळी तुळशीवृंदावन होतं की मोर, ते आता ओळखू येत नाही, हिरवा डाग तेवढा उरला आहे. कपाळाच्या मधोमध मात्र गोंदलेली टिकली अजून ठसठशीत आहे. कुंकू ती कधीच लावत नाही. टिकली पुसता येत नाही.

इथून पुढं नीट बघा, कारण ही सांगणार फार कमी आहे. गोष्टी सांगणाऱ्या आज्या पुस्तकांत पुष्कळ असतात. घरातली सगळ्यात म्हातारी बाई बहुधा गप्प असते, आणि तिच्यावरून गेलेलं सगळं तिच्या सवयींत जाऊन बसलेलं असतं. त्या सवयींना घरचे लोक हट्ट म्हणतात, खोड म्हणतात, वय झालं म्हणतात. मला त्या सवयी कुठल्याही बखरीपेक्षा जास्त खऱ्या वाटतात, आणि त्या वाचायच्या राहिल्या याची मला फार हळहळ वाटते. म्हणून तुम्ही वाचा.

दुपारी ताटात मिलोची भाकरी येते. रेशनवर मिळालेला, अमेरिकेहून आलेला तांबडा जोंधळा. थापताना चिरते, घशाखाली उतरत नाही, आणि गावातली पोरं तिच्यावरून एकमेकांना चिडवतात. तुमचा मामेभाऊ अर्धी भाकरी बाजूला सारतो. थोरली आई काही बोलत नाही. त्याच्या ताटातला तुकडा उचलते, पाण्यात बुडवते आणि दात नसलेल्या तोंडात घोळवत राहते. "तांबडी का आसंना. भाकर हाय." मग ओल्या बोटानं घोंगडीवरचे कण टिपते, एकेक, आणि तेही खाते.

भिंतीतल्या देवळीत देवांच्या शेजारी एक काळं मडकं आहे, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यात काय आहे विचारलं की मामी सांगते, हुलगे. त्याला हात लावायचा नाही. गेल्या आषाढात पेरण्या वाया गेल्या, घरात दाणा उरला नाही, रेशनच्या दुकानापुढं रात्र काढावी लागली, तरी ते मडकं उघडलेलं नाही. मामाला ते आवडत नाही, पण तोही हात लावत नाही.

तिसऱ्या दिवशी कणगीमागं मेलेला उंदीर सापडतो. कुणी शेपटीला धरून तो बाहेर टाकायला निघतं आणि थोरली आई, जी एरवी दोघांनी धरल्याशिवाय उठत नाही, ती उठते. दिसेल त्या पोराच्या दंडाला धरून त्याला दाराबाहेर लोटते. तुम्हालाही. "भाईर! समदी भाईर!" दिवेलागण होईपर्यंत ती अंगणात बसून राहते आणि कुणाला उंबरा ओलांडू देत नाही. मामा हसतो. तुम्हाला हसू येत नाही, कारण तुमच्या दंडावर तिची पाच बोटं उठली आहेत.

रात्री सगळी पोरं माळवदावर झोपतात. मामी वाकळा पुरतात का बघायला मोजू लागते, "एक, दोन, तीन..." आणि खालून, अंधारातून, आवाज येतो, "मोजू नगंस पोरास्नी!" मामीचा हात तिथंच थांबतो.

आज थोरल्या आईजवळ झोपायची पाळी तुमची. खाली उतरा. तिचा हात हातात घ्या आणि सोडू नका. आपल्याला लांब जायचं आहे.

*

पहिला टप्पा झपाट्यानं जातो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. उतरंडी कोसळतात, ढोरं दावी तोडतात, सगळे अंगणात पळतात. थोरली आई सगळ्यात शेवटी बाहेर येते, काखेत मडकं घेऊन.

मग चाळिशीची वर्षं. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे दिवस. रात्री-अपरात्री कडी वाजते, अनोळखी पोरं दारात उभी असतात, आणि ती चूल पेटवते. भाकरी थापते, कांदा-चटणी घालून फडक्यात बांधून देते. नाव विचारत नाही. सकाळी पोलीस येतात तेव्हा तिला सांगण्यासारखं काही माहीतच नसतं. इथं थांबावंसं वाटतं, कारण ही बाई या वर्षांत फार ताठ चालते, पण चला.

*

१९१८, आश्विन. इथं थांबायचंच आहे.

पाऊस जेठात आल्यासारखा करून गेला तो गेलाच. बाजरी वीतभर वाढून करपली. त्यात लढाईमुळं धान्याला भाव चढलेला. थोरल्या आईचा भाऊ लामावर आहे, बसऱ्याला. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढताहेत आणि सातारा जिल्ह्यातल्या घराघरांतून पोरं गेली आहेत. दोन वर्षांपूर्वी कूटला पलटणी वेढ्यात सापडून शरण गेल्या, ते इथं कळायलाही किती दिवस लागले. नवरा मुंबईला गिरणीत आहे. दुष्काळी मुलखातल्या माणसाला तेव्हा दोनच वाटा, पलटण नाहीतर गिरणी.

सोप्यात उभे राहा. तुम्ही कुणाला दिसत नाही. घर तेच आहे, जातंही तेच. जात्यावर बसलेली बाई मात्र तुम्ही ओळखणार नाही. उंच, रुंद खांद्यांची, तेविशीतली. केस काळेभोर. कपाळावर चिरीसारखं आडवं कुंकू आणि त्याखाली झाकून गेलेली गोंदलेली टिकली. ती दळते आहे आणि दळताना गाते आहे. तुम्ही तिला कधी गाताना ऐकलेलं नाही. ती गात होती हेही तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाबद्दल आपण केवढा अन्याय करतो बघा, आपल्याला भेटायच्या आधीही ते माणूस म्हातारंच होतं असं धरून चालतो.

दारात सावली पडते. नवरा आला आहे. कोरेगावला आगगाडीतून उतरून दोन दिवस चालत. डोळे लाल, ओठ फुटलेले. उंबऱ्यातच बसतो आणि म्हणतो, "पानी दे. मान धरली माझी." मुंबईत जूनमध्ये या तापाची पहिली लाट येऊन गेली होती, ती सौम्य. सप्टेंबरात आली ती माणसं मारणारी, आणि तीही पोराबाळांपेक्षा ऐन उमेदीची, कमावती, लेकुरवाळी. गिरण्या ओस पडल्या, लोक गावाकडे निघाले आणि ताप बरोबर घेऊन आले. माणदेशात त्याला मानमोडी म्हणतात.

ती काढा उकळते. सुंठ, मिरी, अडुळसा. तिसऱ्या दिवशी नवरा जातो. तिरडी उचलायला चार माणसं मिळत नाहीत. दोन म्हातारे आणि एक पोरगा येतो, चौथ्या बाजूला सासरा लागतो. आळीत प्रत्येक घरातून कण्हणं ऐकू येतं. पाणी आणायला उठेल असं माणूस काही घरांत एकही उरलेलं नाही, आणि ही एकटी बाई घागर घेऊन दारोदार फिरते, आत जात नाही, उंबऱ्यावर तांब्या भरून ठेवते. तिला जंतू ठाऊक नाहीत. तिला प्लेग ठाऊक आहे.

मग पोरं तापतात. चार पोरं, सगळ्यांत धाकटं अंगावर पिणारं. ती अंथरूण उंबऱ्याला आडवं टाकते आणि चौघांना भिंतीकडं ओळीनं निजवते. दिवा नाही, रॉकेल नाही. अंधारात ती हात फिरवून पोरं मोजते. एकाचं कपाळ, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, चौथ्याचं. चारही गरम. चार म्हणजे चार. थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा चार. पहाटे तिचा डोळा लागतो. जाग येते तेव्हा ती पुन्हा हात फिरवते, आणि तिसऱ्यापाशी हात थांबतो. ते कपाळ थंड आहे.

ती ओरडत नाही. बाकीचे तिघे झोपले आहेत.

बाहेर जायचं असेल तर जा, पण मला हे सांगायचंच आहे. १९११ आणि १९२१ च्या शिरगणतींच्या मध्ये या देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. तसं घडलेलं हे एकच दशक. आकडा पुस्तकात एका ओळीत मावतो. या घरात तो माळवदावरच्या एका रात्रीपर्यंत, पंचावन्न वर्षं, पोहोचला आहे, आणि मामीला आपला हात का थांबला ते ठाऊकही नाही.

त्या तिघांतला मोठा तुमचा आजोबा. दारातून बाहेर पडताना त्याच्याकडं बघून घ्या. आठ वर्षांचा आहे, तुमच्याहून एका वर्षानं लहान.

*

लग्नाच्या सालावरून नुसते चालत पुढं जाऊ. दहा-अकरा वर्षांची नवरी, बैलगाडी, मुंडावळ्या, हळद. तिला जेवणाआधीच झोप लागली आहे आणि कुणीतरी तिला खांद्यावर टाकून मांडवातून आत नेतं आहे. मुलीचं लग्नाचं वय कायद्यानं निदान १४ करणारा शारदा कायदा १९२९ चा. त्याला अजून पुष्कळ अवकाश आहे.

*

१९००, फाल्गुन. छप्पनचा दुष्काळ.

गाव रिकामं आहे. आधी उंदीर पडायला लागले, मग माणसं काखेत गाठ येऊन मेली, आणि उरलेल्यांनी घरांना कड्या घालून रानात झोपड्या टाकल्या. प्लेग एकदा येऊन गेला नाही, तो वर्षानुवर्षं येत राहिला. त्यात पाऊस नाही. जनावरांना घालायला वैरण नाही, म्हणून पुरुष निवडुंगाचे काटे जाळून फडे चिरताहेत. एका बाभळीखाली पाचटाची खोपटी आहे. तिच्यापुढं तीन दगडांची चूल, चुलीवर मडकं, मडक्यात माडगं. हुलग्याचं पीठ थोडं, पाणी फार.

चुलीजवळ पाच-सहा वर्षांची एक पोरगी बसली आहे. पोट पुढं आलेलं, केस तांबूस. हातावर अजून गोंदण नाही. तुम्ही धरलेला हात तो हाच. आता तो एवढासा आहे, आणि त्यानं दुसऱ्या एका हाताचं बोट धरून ठेवलं आहे.

ते बोट तिच्या आजीचं. सत्तरीची. ही थोरल्या आईनं पाहिलेली सगळ्यात म्हातारी बाई. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं तेव्हा हिचं लग्न होऊन ती नांदत होती. देशात आगगाडी धावायला त्यानंतर पाच वर्षं होती. १९७३ सालापासून इथवर यायला तुम्हाला दोनच हात लागले.

पदर डोक्यावरून सरकतो आणि तुम्हाला तिच्या टाळूवरचा गुळगुळीत, केस नसलेला गोल दिसतो. पोरगी त्यावर बोट ठेवते.

"आजे, हितं केस का न्हाईत?"

"माती व्हायली. म्हसवडच्या तळ्यावर."

१८७६ चा दुष्काळ. माण नदीवर म्हसवडजवळ सरकारनं दुष्काळी काम म्हणून मोठा तलाव काढला. राजेवाडीचा तलाव म्हणून तो आजही आहे. हजारो माणसांनी पाट्यांनी माती वाहून तो बांध उभा केला. १८७७ च्या जानेवारीत दिल्लीत राणीला कैसर-ए-हिंद म्हणून जाहीर करणारा दरबार भरला, आणि त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानं कामावरच्या माणसाचं धान्य उतरवून दिवसाला एक रत्तलावर आणलं गेलं. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला एक रत्तल. मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेऊन सरकारशी लिखापढी मांडली. जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला पोरांसाठी बालाश्रम उघडला. त्या दुष्काळात देशभरात पन्नास लाखांवर माणसं मेली. हे सगळं लिहिलेलं सापडतं. म्हातारी जे सांगते ते सापडत नाही.

"मुकादम म्हनला, आजपास्नं येवडंच. आमी पाट्या टाकल्या आन बसलो. कुनी उठंना."

"मंग?"

"मंग काय. चार दिस बसलो. तुजा चुलता लहान हुता, त्यो न्हाई टिकला. मंग पाट्या उचलल्या."

"मला चुलता हुता?"

"हुता की."

म्हातारी माडगं ढवळते. खोपटीच्या मेढीला एक गाडगं टांगलेलं आहे, फडक्यानं बांधलेलं. पोरगी त्याच्याकडं बघते, मग आजीकडं. म्हातारी मान हलवते. "ते बी हाय. तळ्यावनं आलो तर पाऊस पडला आन कुनाकडं पेराया दाना न्हवता. सावकाराकडनं दीडीनं आनला, जमीन गेली त्यात. मेलं तरी बी खायाचं न्हाई. कळलं?" पोरगी मान डोलावते. तिला कळलेलं नाही, पण ती विसरणारही नाही.

माडगं वाटीत येतं. पोरगी फुंकर मारून पिते, वाटी चाटते, ओलं बोट कडेवरून फिरवते. मग तिला काहीतरी आठवतं आणि ती एकदम आजीच्या मांडीवर चढते.

"आजे, हत्तीचं सांग."

"किती डाव सांगू?"

"सांग की."

"आमी शिखराच्या जत्रेला गेल्तो चैतात. मी तुज्यापरीस थोडी मोठी. साताऱ्याच्या म्हाराजांचा हत्ती आल्ता. अंबारी, झूल, सोन्याची फुलं."

"आन त्यो खात काय हुता?"

"रोट. येका रोटाला पायलीभर पीठ."

पोरगी दोन्ही हात पसरून पायलीचं माप करते. ते तिला पुरत नाही, ती हात आणखी ताणते. "समदा त्योच खायचा?"

"समदा."

"कुनाला द्येत न्हवता?"

"माहुताची पोरं काढून घ्यायची थोडा."

यावर ती बराच वेळ विचार करते. "औंदा जायाचं आपुन शिखराला?"

"पाऊस हुईस्तवर कुठं जातीस? फुडच्या चैतात जाऊ. आता हत्ती न्हाई, कावडी बघाय मिळत्याल. मुंगी घाटानं वर चढवत्यात."

"मला खांद्यावर घेशील?"

"पायांनी चालायचं. मी न्हाई घ्यायची."

"थोडं घे."

"वरच्या टप्प्याला घेईन. तंवर चालायचं."